वाळूचे राखणदार

गोडादऱ्यात राहणाऱ्या माणसाला समुद्र आपला शेजारी आहे असे सहसा वाटत नाही. सुरत हे समुद्राजवळचे शहर असल्याचे भूगोलाच्या पुस्तकात आम्हीही वाचले होते. परंतु शहराच्या या पूर्वेकडील टोकाला संसार थाटला तो यंत्रमागांच्या खडखडाटात, साड्यांचे गठ्ठे वाहणाऱ्या टेम्पोंच्या गर्दीत. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून आलेल्या आम्हा मंडळींचा जीव अडकलेला असतो तो उधन्याहून भुसावळकडे जाणाऱ्या गाडीत. समुद्र आहे तो पश्चिमेला, वीस-पंचवीस किलोमीटरांवर. वर्षातून दोन-तीनदा, पाहुणे आले म्हणजे, आम्ही डुमसला जातो. टोमॅटोची भजी खातो, दर्या गणेशाचे दर्शन घेतो, काळसर वाळूत मुलांना थोडे पळू देतो आणि दिवेलागणीच्या आत परततो. आत अशासाठी की डुमसच्या भुतांच्या गोष्टी पाहुण्यांनी आधीच ऐकलेल्या असतात.

अशाच एका सहलीत आमच्या पुतण्याने एक प्रश्न विचारला. मुलगा अकरावीत शिकणारा. दूरचित्रवाणीवर त्याने परदेशातील तरुणांना फळीवर उभे राहून लाटेच्या अंगावरून घसरत येताना पाहिले होते.

"काका, आपल्या डुमसला असे कोणी का करीत नाही?"

आम्ही आपले वडीलकीच्या थाटात म्हणालो, "अरे, आपल्या लोकांना पोटापाण्यातून सवड कुठे आहे?" उत्तर सोपे होते, आणि चुकीचेही होते. हे आम्हाला पुढे कळले. ते कसे कळले आणि त्यातून आमच्या गणेशोत्सव मंडळाच्या सभेत काय वादळ उठले, तेच या वेळी वाचकांना सांगावयाचे आहे.

प्रथम लाटेविषयी. लाट म्हणजे पाण्याने केलेला प्रवास नव्हे. दूर समुद्रात वाऱ्याने दिलेली शक्ती पाण्यातून पुढे सरकत येते. पाणी जागच्या जागी वर-खाली होते. किनाऱ्याजवळ तळ उथळ होऊ लागला की लाटेचा पाय अडखळतो आणि माथा पुढे झुकतो. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट उरली की ती फुटते. ती कशी फुटेल, हे तळाशी वाळू आहे की खडक, उतार कसा आहे, यावर ठरते. फळीवर स्वार होणाऱ्याला हवी असते ती एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे क्रमाक्रमाने उलगडत जाणारी लाट. अशी लाट जगात मोजक्याच ठिकाणी येते. आमचे डुमस वसले आहे खंबातच्या आखाताच्या तोंडाशी. या आखातात तापी आणि नर्मदा यांसारख्या नद्यांचा गाळ येऊन पडतो, तळ लांबवर उथळ असतो आणि भरती-ओहोटीची ओढ विलक्षण असते. आत भावनगरकडे भरतीच्या व ओहोटीच्या पातळीतील फरक १० मीटरांच्या घरात जातो. अशा जागी पाणी गढूळ राहते, ओहोटीला चिखलाचे मैदान उघडे पडते आणि लाट दमून भागूनच किनाऱ्याला पोहोचते. तेव्हा डुमसला फळीवरचे स्वार दिसत नाहीत, याचे कारण सवड नसणे हे नव्हे, समुद्राचा तळ हे आहे. कर्नाटकात मुल्कीला २००४ पासून हा खेळ शिकविला जातो आणि चेन्नईजवळच्या कोवलमला कोळ्यांची मुलेच त्यात तरबेज झाली आहेत. तेथील समुद्र वेगळा, एवढेच.

हे वाचता वाचता आम्हाला एक अद्भुत गोष्ट सापडली. जगात काही ठिकाणी लोक लाटा राखतात! शेत राखतात, रान राखतात, हे आम्हाला ठाऊक होते. लाट राखावयाची म्हणजे काय करावयाचे?

आस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया प्रांतात बेल्स बीच नावाचा किनारा आहे. १९७३ साली तो केवळ लाटांच्या खेळासाठी राखीव म्हणून जाहीर झाला. पुढे त्या देशात राष्ट्रीय पातळीवर अशा राखीव किनाऱ्यांची चळवळ सुरू झाली. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात मालिबू येथे १९८४ साली काही स्वारांनी एकत्र येऊन किनाऱ्याच्या रक्षणासाठी संस्था काढली, कारण ज्या पाण्यात ते उतरत त्यात घाण येत होती. त्याच मालिबूला २०१० साली जगातील पहिला 'जागतिक सर्फिंग राखीव किनारा' हा मान मिळाला. हा मान कोणतेही सरकार देत नाही. किनाऱ्यावरच्या लोकांनीच अर्ज करावयाचा. लाट कशी आहे, आसपासचा निसर्ग कसा आहे, लोकांचे त्या जागेशी जुने नाते काय, आणि ती राखण्याची त्यांची तयारी किती, हे पाहून तो दिला जातो. त्याला कायद्याचे बळ नाही. तरीही लोक त्यासाठी वर्षानुवर्षे खपतात. कारण उद्या तेथे धक्का बांधावयाचा, वाळू उपसावयाची किंवा सांडपाण्याचा नळ सोडावयाचा असे कोणाच्या मनात आले, तर "ही जागा ओसाड नाही, हिला नाव आहे आणि धनी आहेत" असे म्हणता येते.

आणि लाट खरोखरच मरते. कॅलिफोर्नियातच डेना पॉइंट येथे एक नामांकित लाट होती. १९६० च्या दशकात तेथे बंदराचा बांध घातला गेला आणि ती कायमची नाहीशी झाली. तिचे कलेवर सापडत नाही, पंचनामा होत नाही. तळ बदलला, लाट गेली, एवढेच.

आमच्या मनात येथे एक शंका आली, आणि ती वाचकांच्याही मनात आली असेल. हे सारे भरल्या पोटाचे खेळ नव्हेत काय? ज्यांना भाड्याच्या खोलीची चिंता आहे, त्यांनी लाटेची चिंता कशाला वाहावी? या शंकेला पेरू देशातील वांचाको या गावाने उत्तर दिले. तेथील कोळी लव्हाळ्यासारख्या गवताच्या जुड्या बांधून त्यांच्या निमुळत्या होड्या करतात, त्यांवर मांड ठोकून समुद्रात मासे धरतात आणि लाटेवर स्वार होऊनच घरी परततात. ही रीत हजारो वर्षांची मानतात. त्यांची लाट हा त्यांचा परतीचा रस्ता आहे. जवळच्या बंदराच्या बांधामुळे किनाऱ्याने वाहत येणारी वाळू अडली, काठ खचू लागला आणि ज्या खाचरांत ते गवत उगवते तीही समुद्राच्या तडाख्यात सापडली. २०१३ साली वांचाकोला जागतिक राखीव किनाऱ्याचा मान मिळाला. पेरूने तर २००० सालीच लाटांच्या रक्षणाचा स्वतंत्र कायदा केला होता. त्याचे नियम व्हावयास मात्र आणखी १३ वर्षे लागली. म्हणजे सरकारी कागद तिकडेही आपल्याइतकाच सावकाश चालतो.

परक्यांच्या गोष्टी सांगून झाल्यावर साहजिकच मनात येते की आपल्यात असे कोणी आहे की नाही? आहे, आणि ते आपल्या कोकणात आहे, याचा आम्हाला फार आनंद झाला.

रत्नागिरी जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात वेळास नावाचे गाव आहे. नाना फडणविसांचे मूळ गाव म्हणून ते इतिहासाला ठाऊक आहे. आज ते कासवांचे गाव म्हणून ओळखले जाते. चिपळूणची 'सह्याद्री निसर्गमित्र' ही संस्था आणि तिचे भाऊ काटदरे हे २००२ च्या सुमारास समुद्रगरुडांच्या पाहणीसाठी किनाऱ्याने हिंडत होते. तेव्हा वेळासच्या वाळूत त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफले दिसली. ऑलिव्ह रिडले जातीची सागरी कासवे या किनाऱ्यावर अंडी घालण्यास येतात आणि ती अंडी माणसे खणून नेतात, उरलेली कुत्री आणि कोल्ही फस्त करतात, असे ध्यानी आले. या कासवाला वन्यजीव संरक्षण कायद्याने सर्वांत वरच्या अनुसूचीत जागा दिली आहे. परंतु कायदा मुंबई-दिल्लीत होता आणि अंडी वेळासच्या वाळूत होती. या दोहोंमधले अंतर कोणी तरी पायी चालून तोडावयास हवे होते.

ते गावकऱ्यांनी तोडले. हिवाळा सुरू झाला की गावातील नेमलेली माणसे पहाटे अंधारात किनाऱ्याने चालू लागतात. मादी रात्री वर सरपटत येते तेव्हा वाळूत तिच्या वल्ह्यांसारख्या पायांचा माग उमटतो. तो माग धरून घरटे शोधावयाचे, अंडी हलक्या हाताने काढावयाची. ती सुमारे शंभर-सव्वाशे असतात. मग भरतीच्या रेषेच्या वर, कुंपण घातलेल्या जागेत, तेवढ्याच खोलीचा खड्डा करून ती पुन्हा पुरावयाची आणि तारखेची नोंद ठेवावयाची. पंचेचाळीस ते साठ दिवसांत पिल्ले वर येतात. त्यांतील नर किती आणि माद्या किती, हे वाळूच्या उष्णतेवर ठरते. वाळू अधिक तापली तर माद्या अधिक. सकाळी किंवा सायंकाळी पिल्लांना वाळूवर सोडतात आणि त्यांना स्वतःच्या पायांनी समुद्राकडे जाऊ देतात. उचलून पाण्यात टाकीत नाहीत. हजारांत एखादेच मोठे होते असे जाणकार सांगतात. या राखणदारांना कोकणात 'कासवमित्र' असे सुंदर नाव पडले आहे.

आता यातील शहाणपण पाहा. नुसते "अंडी खाऊ नका" म्हणून उपदेश केला असता तर तो दोन वर्षेही टिकला नसता. २००६ पासून वेळासला कासव महोत्सव भरू लागला. पिल्ले समुद्रात जाताना पाहण्यास मुंबई-पुण्याहून माणसे येऊ लागली. ती हॉटेलात उतरत नाहीत. गावातल्या घरांत उतरतात, ओटीवर झोपतात, घरची भाकरी आणि उकडीचे मोदक खातात. जे घरटे पूर्वी एका दिवसाच्या अंड्यांचे होते, ते साऱ्या गावाच्या हंगामाचे झाले. पुढे वन विभाग आला, कांदळवन प्रतिष्ठान आले, आणि ही रीत कोकणातील अन्य किनाऱ्यांवर पसरली. जानेवारी २०२२ मध्ये वेळासला एका मादीच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारे यंत्र बसवून तिला 'प्रथमा' असे नाव दिले गेले. जानेवारी २०२५ मध्ये तर गुहागरला आलेल्या एका मादीच्या पायावर २०२१ साली ओडिशात बांधलेली खूण सापडली. पूर्व किनाऱ्यावरचे कासव साऱ्या द्वीपकल्पाला वळसा घालून पश्चिम किनाऱ्यावर अंडी घालावयास आले! आमच्या गोडादऱ्यात ओडिशाचे कारागीरही राहतात. दोन ठिकाणी घर असणे म्हणजे काय, हे त्यांना आणि आम्हाला कोणी समजावून सांगावयास नको.

दुसरी गोष्ट मुंबईची. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर ऑक्टोबर २०१५ मध्ये अफरोज शहा नावाचे तरुण वकील आणि त्यांचे चौऱ्याऐंशी वर्षांचे शेजारी हरबंश माथूर, असे दोघेच जण कचरा उचलावयास उतरले. किनाऱ्यावर प्लॅस्टिकचा थर इतका होता की वाळू दिसत नसे. हळूहळू शेजारीपाजारी, कोळीवाड्यातील मंडळी, शाळेतील मुले येऊ लागली. लाखो किलो कचरा निघाला. २०१६ साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने शहांना आपला सर्वोच्च सन्मान दिला. पण सन्मानाने काम सोपे झाले असे समजू नये. नोव्हेंबर २०१७ मध्ये गुंडांचा त्रास आणि उचलून ठेवलेला कचरा न हलविला जाणे यांना कंटाळून त्यांनी काम थांबविल्याचे जाहीर केले होते. थोड्याच दिवसांत ते पुन्हा सुरू झाले, आणि मार्च २०१८ मध्ये त्याच वाळूतून कासवाची पिल्ले निघाली.

शहांची आणखी एक गोष्ट आम्हाला महत्त्वाची वाटते. किनाऱ्यावरचा कचरा किनाऱ्यावर जन्मत नाही, हे त्यांनी ओळखले. तो घरात जन्मतो, नाल्यात वाढतो, आणि समुद्र त्याला शेवटी आपल्या दारात आणून टाकतो. म्हणून पुढे त्यांनी मिठी नदीच्या काठच्या वस्त्यांत घरोघर जाण्यास आरंभ केला. मिठी हे नाव वाचून आम्ही थबकलो. आमच्या लिंबायतेतही मिठी खाडी आहे! पावसाळ्यात ती घरात शिरते तेव्हा आम्ही महापालिकेला बोल लावतो; उरलेल्या आठ महिन्यांत तिच्यात आम्ही काय टाकतो, ते मात्र मोजीत नाही.

येथून आम्ही पुन्हा डुमसला येतो.

डुमस-हजिऱ्याजवळ तापी समुद्राला मिळते. ही तापी कोण? मुलताईला उगम पावून, बऱ्हाणपूर ओलांडून, चांगदेवाला पूर्णेला कुशीत घेऊन, भुसावळच्या शिवारातून, प्रकाशाच्या घाटांवरून वाहत येणारी आमचीच नदी. ७२४ किलोमीटरांचा तिचा प्रवास आणि आमच्या आजोबा-वडिलांचा प्रवास एकाच दिशेचा. खानदेशचा काळा पाषाण झिजून झिजून डुमसच्या वाळूत येऊन पडला असणार. १९७२ साली उकाईचे धरण झाले. त्याने सुरतेला वीज दिली, शेतांना पाणी दिले. पण धरण जसे पाणी अडविते तशी वाळूही अडविते. वरून येणारी भर घटली की काठाची झीज भरून निघत नाही. धरण नको असे म्हणण्याइतके आम्ही कृतघ्न नाही. सांगावयाचे ते इतकेच की डुमसची वाळू ही न संपणारी ठेव नाही. तिच्यात जमा कमी आणि खर्च अधिक झाला आहे. अशा वेळी उरलेली तरी जपावी की नाही?

गेल्या वर्षी अनंत चतुर्दशीनंतरच्या रविवारी आमचा पुतण्या डुमसला गेला. तो आता कॉलेजात आहे. तेथे काही मुले-मुली सुटीच्या दिवशी कचरा गोळा करतात. त्यांत गुजराती आहेत, ओडिया आहेत, उत्तरेकडचीही आहेत. त्यांच्यात हा मिसळला होता. संध्याकाळी घरी आला तो गप्प. जेवताना त्याच्या काकूने विचारले, "का रे, बरे वाटत नाही का?" त्याने पिशवीतून कागदात गुंडाळलेली एक वस्तू काढली आणि पाटाशेजारी ठेवली. गणपतीचा हात होता. प्लॅस्टरचा. मनगटावर मोरपंखी रंगाचे कंकण, आणि त्यावर पिवळे ठिपके.

ते ठिपके आमच्या सौभाग्यवतींनी दिले होते. मूर्ती आणली तेव्हा कंकणाचा रंग उडालेला होता, म्हणून त्यांनी स्वतः बसून रंगविले होते. दहा दिवस ज्याच्यापुढे हात जोडले, वाजतगाजत ज्याला निरोप दिला, तो ओहोटीत उताणा पडला होता आणि ट्रॅक्टरच्या फाळाने त्याला ढिगात लोटले जात होते. त्या रात्री आमच्या घरात कोणी धड जेवले नाही.

तो हात आम्ही मंडळाच्या सभेत नेला. सभेत जे बोलणे झाले ते साधे नव्हते, आणि विरोध करणारे अडाणी होते असे मुळीच कोणी समजू नये. आमच्या मंडळाचे सर्वांत जुने सभासद आप्पा, सत्तरी उलटलेले. १९९४ च्या सप्टेंबरात सुरतेत प्लेगची आवई उठून लोक लक्षावधींनी गाव सोडून पळत होते, तेव्हा ते गल्ली सोडून गेले नव्हते. ते म्हणाले, "परमुलखात आलो तेव्हा आपले म्हणून काय होते? हा गणपती होता. ढोल वाजवीत आपण समुद्रापर्यंत जातो तेव्हा या शहराला कळते की आम्हीही येथले आहोत. आता मनपाच्या हौदात बुडवायचा? मग मिरवणूक कशाला?"

त्यांचे म्हणणे आम्हाला पटत नव्हते, पण लागत होते. परप्रांतातील मराठी माणसाला उत्सव हा नुसता उत्सव नसतो. तो त्याचा पत्ता असतो.

पुतण्या उभा राहिला. त्याने वेळासचे सांगितले, वर्सोव्याचे सांगितले, पेरूच्या कोळ्यांचेही सांगितले. शेवटी तो म्हणाला, "आप्पा, तुम्ही म्हणता आपण येथले आहोत. मग येथल्या वाळूचे आपण कोण? पाहुणे असलो तर पाहुण्याने घर घाण करू नये. घरचे असलो तर मग झाडू कोणी धरावा?"

आप्पांनी उत्तर दिले नाही. कंकण घातलेला तो हात टेबलावर होता. ते बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिले.

ठराव बहुमताने झाला. मूर्ती शाडूची, दोन हातांहून उंच नाही. मिरवणूक पूर्वीसारखीच निघेल, ढोलही वाजतील, पण विसर्जन महापालिकेने केलेल्या कृत्रिम तलावात. वाहनाचा जो खर्च वाचेल त्यातून पोती, हातमोजे आणि एका टेम्पोचे भाडे. महिन्यातून एका रविवारी मंडळाची माणसे डुमसला जातील. आप्पांनी मत दिले नाही. मात्र पहिल्या रविवारी पहाटे सहाला टेम्पोपाशी सर्वांच्या आधी तेच येऊन उभे होते. आम्ही आश्चर्याने पाहिले तेव्हा म्हणाले, "मत दिले नाही म्हणून पोते धरू नये असे ठरावात लिहिले आहे का?"

आता आम्ही काही महिने जात आहोत. खरे सांगावयाचे तर कष्टाचे काम आहे, आणि पुढल्या रविवारी पाहावे तो कचरा होता तेवढाच दिसतो. भज्यांचे कागद, शीतपेयांच्या बाटल्या, नारळ, चपला, देवादिकांच्या तसबिरी. वाळूवर मोटारी नेऊन भरतीत रुतविणारे शौकीन वेगळेच. पहिल्या दोन खेपांना आमच्यापैकी काहींचा धीर सुटला. परंतु तिसऱ्या खेपेला भज्यांच्या एका गाडीवाल्याने आपण होऊन टोपली मागून घेतली आणि गाडीपुढे ठेवली. त्याला आम्ही काही सांगितले नव्हते; त्याने आप्पांना वाकलेले पाहिले होते.

सुरतेला हे नवे नाही, याचा आम्हाला भरवसा वाटतो. १९९४ च्या त्या भयाण दिवसांनंतर एस. आर. राव हे महापालिकेचे आयुक्त झाले आणि दोन वर्षांच्या आत जे शहर घाणीसाठी बदनाम होते ते स्वच्छतेसाठी वाखाणले जाऊ लागले. २०२३ च्या देशव्यापी स्वच्छता सर्वेक्षणात तर सुरतेला इंदूरच्या बरोबरीने पहिले स्थान मिळाले. जे शहर गल्ली झाडू शकले ते किनारा झाडू शकणार नाही काय? आपल्याच गुजरातेत द्वारकेजवळच्या शिवराजपूरच्या किनाऱ्याला २०२० साली 'ब्ल्यू फ्लॅग' हे आंतरराष्ट्रीय मानचिन्ह मिळाले आहे. डुमसला असा झेंडा लागेल की नाही, हे सांगता येत नाही. पाणी गढूळ ते गढूळच राहणार. लाटेवर स्वार येथे कधी दिसणार नाहीत. पण मान काय फक्त निळ्या पाण्याचाच असतो? याच टापूत, हजिऱ्यापलीकडे सुवाळीच्या समुद्रात १६१२ साली इंग्रज आणि पोर्तुगीज झुंजले आणि देशाचा इतिहास वळला. दक्षिणेला दांडीच्या किनाऱ्यावर १९३० साली गांधीजींनी मूठभर मीठ उचलले. या वाळूला नाव आहे. ते घेणारे कमी आहेत, एवढेच.

बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, बेळगाव, कोठेही आमचे वाचक असोत. प्रत्येकाच्या गावात एखादा घाट असेल, तळे असेल, टेकडी असेल. आपण तेथे वर्षातून दोनदा जात असू आणि ती आपली आहे असे म्हणत असू. ती आपली आहे याचा पुरावा कोणता, हा प्रश्न एकदा स्वतःला विचारून पाहावा. कोणी काही करीत असल्यास आम्हाला अवश्य लिहावे. याच पानावर त्याची दखल घेऊ.

पुतण्याला त्याच्या जुन्या प्रश्नाचे खरे उत्तर आम्ही मागच्या रविवारी दिले. आखात, गाळ, तळाचा उतार, सारे समजावून सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "ठीक आहे काका. लाट नाही तर नाही. त्या टोकाची पोती मात्र अजून उचलायची राहिली आहेत."

आम्ही उठलो आणि त्याच्या मागोमाग गेलो.